‘पहिली पदवीधर’ लिहिण्याआधी: धर्मसंस्थांच्या कॉलेजांतल्या विद्यार्थिनी आणि अध्यापिकांचा शोध कसा घ्यावा

शताब्दीचा अंक निघायचा असतो, नाहीतर विभागाचा इतिहास लिहायला घेतलेला असतो. मग कुणाच्या तरी अंगावर काम येतं: आपल्या पहिल्या पदवीधर विद्यार्थिनींची आणि पहिल्या प्राध्यापिकांची यादी करा. संस्था मिशनची, जेझुइटांची, नन्सची किंवा ‘हिंदू’, ‘मुस्लिम’ अशा नावाची असेल, तर हे काम वाटतं त्याहून बरंच अवघड असतं. अशा संस्थांत पदवी देणारा एक, शिकवणारा दुसरा आणि पगार देणारा तिसरा असायचा, आणि बायकांची नावं या तिघांच्या दप्तरांत विखुरलेली असतात. जुन्या स्मरणिकेतली यादी उतरवून घेतली की काम संपतं, पण त्या यादीतल्या चुकाही सोबत येतात.

पदवी कोणाची, हे आधी ठरवा

१८५७ साली स्थापन झालेली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठं सुरुवातीला परीक्षा घेत आणि पदव्या देत; शिकवणं कॉलेजांकडे होतं. त्यामुळे विल्सन किंवा सेंट झेविअर्सच्या जुन्या पदवीधरांची अधिकृत यादी मुंबई विद्यापीठाच्या कॅलेंडरात, म्हणजे वार्षिक पुस्तकात, शोधायची. लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजचं प्रकरण आणखी फिरतं आहे. मेथडिस्ट मिशनच्या थोबर्नबाईंनी १८७० मध्ये अमीनाबादेत शाळा काढली, १८८६ मध्ये कॉलेजचे वर्ग सुरू झाले. पदव्या आधी कलकत्त्याच्या, मग अलाहाबादच्या, आणि १९२० नंतर लखनौ विद्यापीठाच्या. एकाच कॉलेजच्या मुली तीन विद्यापीठांच्या याद्यांत आहेत. अलीगढचं तसंच. मुस्लिम विद्यापीठ झालं १९२० मध्ये. त्याआधीचं मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज दुसऱ्या विद्यापीठांशी संलग्न होतं. बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी १९१६ ची, पण त्यात सामावलेलं सेंट्रल हिंदू कॉलेज १८९८ चं.

म्हणून पहिलं काम कागदावरचं: एका पानावर संस्थेची सालवार स्थिती मांडा. शाळा कधी, कॉलेज कधी, संलग्न कोणाशी, कोणत्या वर्गापर्यंत मान्यता, मुलींना प्रवेश कोणत्या सालापासून, स्वतःची पदवी देण्याचा अधिकार कधी मिळाला. हे पान तयार नसताना अर्काइव्हमध्ये गेलात तर पहिला दिवस चुकीचे खंड मागवण्यात जातो.

संस्थेच्या नावावरून विद्यार्थ्यांचा धर्मही गृहीत धरू नका. अलीगढच्या त्या जुन्या कॉलेजचे पहिले पदवीधर म्हणून ईश्वरी प्रसाद यांचं नाव सांगितलं जातं.

एका ‘पहिली’त पाच प्रश्न असतात

प्रवेश मिळाला का? वर्गात बसून शिकली का, की बाहेरून परीक्षा दिली? परीक्षा उत्तीर्ण झाली का? उत्तीर्णांच्या यादीत नाव छापलं का? पदवी प्रत्यक्ष मिळाली का, आणि कधी? पुरुषांच्या बाबतीत या पाचांची उत्तरं बहुतेक एका ओळीत येतात. सुरुवातीच्या स्त्रियांच्या बाबतीत त्यांच्यात वर्षांची, कधी दशकांची फट असते.

चंद्रमुखी बसू हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. डेहराडूनच्या ख्रिस्ती कुटुंबातली ही मुलगी १८७६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसली आणि त्या पातळीला उतरली, पण विद्यापीठाच्या नियमांत स्त्री उमेदवार बसतच नव्हती, म्हणून उत्तीर्णांच्या यादीत नाव आलं नाही. नियम बदलला १८७८ मध्ये. पुढे कलकत्त्याच्या बेथून या मुलींच्या संस्थेत फक्त हिंदू मुली घेत असल्यामुळे एफ.ए.साठी (बी.ए.च्या आधीची परीक्षा) तिला फ्री चर्च या स्कॉटिश मिशनच्या संस्थेत जावं लागलं, बी.ए. मात्र बेथूनमधून. म्हणजे आज दोन कॉलेजं तिला ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणू शकतात आणि दोघांचंही खरं आहे. तिचा धर्म कोणता यावर तिचं नाव कोणत्या रजिस्टरात सापडणार हे ठरलं. मिशन संस्थांवर काम करणाऱ्याने ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी: मुलगी एका ठिकाणी सापडली नाही तर तिला तिथे घेतच नव्हते का, हे आधी बघा.

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या आणि ऑक्सफर्डला जाण्याआधी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. ऑक्सफर्डची कायद्याची बी.सी.एल. परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. स्त्रियांना पदव्या देणं ऑक्सफर्डने सुरू केलं १९२० मध्ये. ‘ऑक्सफर्डची पदवी, १८९२’ असं सर्रास छापलेलं दिसतं. ते चूक आहे.

धर्मशास्त्राच्या शाखेत तर ही फट ठेवूनच दिलेली असे. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजने १८४१ मध्ये तीन स्त्रियांना पुरुषांच्याच अभ्यासक्रमाची बी.ए. दिली, म्हणून त्याचं नाव उदारांत घेतात. त्याच ओबर्लिनमध्ये अँटोनेट ब्राउन यांनी १८५० मध्ये धर्मशास्त्राचा पूर्ण अभ्यासक्रम संपवला आणि पदवी मिळाली नाही. मानद एम.ए. १८७८ मध्ये आणि डी.डी. ही धर्मशास्त्राची मानद डॉक्टरेट १९०८ मध्ये. इटलीत एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना धर्मशास्त्राची डॉक्टरेट हवी होती. पाडुआच्या बिशपने बाईला ती देणं नाकारलं आणि १६७८ मध्ये तत्त्वज्ञानाची दिली. तेव्हा धर्मसंस्थेच्या विद्यापीठात ‘कोणत्या शाखेची पदवी’ हा सहावा प्रश्नही विचाराच.

तक्ता: एका ओळीत एक नोंद, एक व्यक्ती नव्हे

एक्सेलमध्ये प्रत्येक व्यक्तीला एक ओळ देऊन सुरुवात करणं हा सगळ्यांत महाग पडणारा घोळ. त्यात दोन वेगळ्या बायका एक होतात, किंवा एकच बाई दोनदा मोजली जाते, आणि नंतर कोणती माहिती कुठून आली ते सोडवता येत नाही. त्याऐवजी कागदावर नाव जिथे जिथे दिसेल तिथे एक नवी ओळ. रकाने असे ठेवा: नाव जसं छापलंय तसं (अक्षरही न बदलता), वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव दिलं असल्यास, परीक्षा, वर्ग किंवा श्रेणी, कॉलेज, नियमित की खासगी, परीक्षेची तारीख, पदवीदानाची तारीख, कागदाचं नाव, खंड, पान, फोटोचा क्रमांक. शेवटी ‘व्यक्ती क्रमांक’ असा रकाना मोकळा सोडा. सगळे कागद पाहून झाल्यावर ज्या ओळी एकाच बाईच्या आहेत याचा पुरावा असेल त्यांनाच समान क्रमांक द्या. नुसतं नाव जुळणं हा पुरावा नव्हे. नावासोबत साल, कॉलेज, वडलांचं नाव यांपैकी निदान एक गोष्ट जुळली पाहिजे.

परीक्षेची आणि पदवीदानाची तारीख वेगळ्या रकान्यांत का, तर परीक्षा वर्षाच्या शेवटी आणि समारंभ पुढच्या वर्षी असा प्रकार नेहमीचा. कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री बी.ए., कादंबिनी आणि चंद्रमुखी, यांच्या पदवीचं साल पुस्तकांत कधी १८८२, कधी १८८३ असं मिळतं ते यामुळेच. शिवाय कॅलेंडरच्या पाठीवरचं साल हे त्यातल्या परीक्षेचं साल नसतं. पाठीवर १८८३-८४ असेल तर आतली यादी त्याआधीच्या परीक्षेची असण्याचीच शक्यता जास्त.

कागद कोणत्या क्रमाने पाहावेत

आधी विद्यापीठाचं कॅलेंडर. नियम, पाठ्यक्रम, संलग्न कॉलेजं आणि पदवीधरांच्या याद्या असं सगळं त्या जाडजूड वार्षिक पुस्तकात असतं. बऱ्याच कॅलेंडरांत मागच्या वर्षांच्या याद्याही पुन्हा छापलेल्या असतात, त्यामुळे एखादा खंड गहाळ असला तरी पुढच्या खंडात काम भागतं. याद्यांबरोबर नियमांचं प्रकरणही वाचा; स्त्रियांबद्दलचा नियम कोणत्या साली घुसला ते तिथेच कळतं. अनेक जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेले आहेत. तिथल्या शोधखिडकीवर मात्र विसंबू नका: जुन्या ठशांचं यंत्रवाचन गचाळ असतं, दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळतात, आणि नाव आहे तरी ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. अनुक्रमणिका उघडा, पदवीधरांच्या यादीचं पान गाठा आणि डोळ्यांनी वाचा. दहा वर्षांच्या याद्या एका बैठकीत होतात.

मग कॉलेजचे वार्षिक अहवाल आणि जनरल रजिस्टर. रजिस्टरात प्रवेशाची तारीख, जन्मतारीख, धर्म-जात, आधीची शाळा आणि ‘सोडल्याचं कारण’ असतं. हा शेवटचा रकाना सोडू नका. ‘विवाह’, ‘बदली’, ‘शिक्षिका म्हणून नेमणूक’ अशा दोन-तीन शब्दांवरून पुढचा माग लागतो. नेमणूक लिहिली असेल तर त्याच मिशनच्या शाळांचे पुढल्या वर्षाचे अहवाल लगेच काढा.

तिसरा थर मिशनच्या मुख्य कार्यालयाला गेलेल्या पत्रांचा, आणि तो भारतात कमी, बाहेर जास्त आहे. अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था अमेरिकन बोर्ड, तिचे कागद हार्वर्डच्या हौटन ग्रंथालयात. स्कॉटिश मिशनचे एडिंबरोला, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये. चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात. मेथडिस्टांचे न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठात. तिथे जायची गरज बहुतेकदा पडत नाही, पण ईमेल नेमका हवा. ‘आमच्या कॉलेजबद्दल काही आहे का’ याला उत्तर म्हणून सूचीची लिंक येते. मिशनचं ठिकाण, पाच वर्षांचा पट्टा आणि दोन-तीन नावं, ती संभाव्य स्पेलिंगांसह दिलीत तर अर्काइव्हिस्ट पेटी क्रमांक कळवतात.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे खंड आहेत. अनुदानासाठी मिशन शाळांनी सरकारकडे जी माहिती पाठवली ती खात्याच्या कागदांत सापडते, आणि अनुदान शिक्षकांच्या पात्रतेशी बांधलेलं असल्यामुळे कोण शिकवत होतं ते तिथे कधीकधी मिशनच्या स्वतःच्या अहवालापेक्षा स्पष्ट असतं. वर्तमानपत्रांत मराठी मिशन क्षेत्रासाठी १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ आधी पाहा. परीक्षांचे निकाल, लग्नं, मृत्यू, नेमणुका सगळं त्यात येतं.

फोटो काढताना आधी खंडाचं मुखपृष्ठ, मग हवं ते पान, मग त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान. पानावर खंडाचं नाव नसतं, आणि घरी आल्यावर नुसत्या पानाचा फोटो कशाचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही. फ्लॅश बंद, हातात फक्त पेन्सिल, आणि संस्थेच्या लेटरहेडवर पत्र. अलीकडच्या काळातली विद्यार्थ्यांची रजिस्टरं दाखवायला नकार मिळाला तर वाद घालू नका. त्यांत हयात माणसांची माहिती असते.

नावं

कलकत्त्याच्या त्या पहिल्या दोघी बी.ए. पाहा. दोघीही बसू. एकमेकींशी नातं नाही. इंग्रजी याद्यांत ते आडनाव कधी ‘बोस’ होतं. त्यातल्या कादंबिनी लग्नानंतर गांगुली झाल्या आणि डॉक्टर म्हणून त्याच नावाने ओळखल्या गेल्या. ‘गांगुली’ शोधणाऱ्याला बी.ए.च्या यादीत कोणी सापडत नाही; ‘बोस’ शोधणाऱ्याला दोघी सापडतात आणि तो त्यांना बहिणी करून टाकतो.

ख्रिस्ती संस्थांत बाप्तिस्म्याचं नाव हा आणखी एक थर. पंडिता रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला आणि नाव पडलं मेरी रमा. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या असतानाचे कागद शोधायचे तर हे नाव माहीत हवं. उलटी दिशाही असते, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इझाबेला थोबर्न कॉलेजच्या गाजलेल्या अध्यापिका लीलावती सिंग यांचं जन्मनाव एथेल राफाएल. भारतीय नाव त्यांनी मोठेपणी घेतलं. विद्यार्थिनी एका नावाची आणि अध्यापिका दुसऱ्या नावाची असेल तर शताब्दी ग्रंथात त्या दोन व्यक्ती होतात. वर तक्त्यात ‘व्यक्ती क्रमांक’ शेवटी भरा म्हटलं ते अशांसाठी.

नन्सच्या कॉलेजात हे जास्तच गुंतागुंतीचं. व्रत घेताना नवं नाव मिळतं, त्यामुळे पदवी घरच्या नावावर आणि अध्यापन ‘मदर’ किंवा ‘सिस्टर’ अमुक या नावावर. नन्सच्या काही धर्मसंघांत एखादी सिस्टर वारल्यावर तेच नाव पुढे दुसरीला देतात. मग साठ वर्षं एकच बाई शिकवत होती असं दिसू लागतं. याला उपाय एकच: त्या संघाच्या प्रांतिक कार्यालयातलं व्रतग्रहणाचं रजिस्टर. त्यात दोन्ही नावं आणि तारखा असतात. कॉलेजच्या ऑफिसात ते मिळत नाही. प्रांतप्रमुखांना वेगळं पत्र लिहावं लागतं.

स्पेलिंगसाठी प्रत्येक नावाची एक छोटी यादी आधीच बनवा. शेवटी एक जादा ए, वी-डब्ल्यू, एस-एसएच, आडनाव आधी किंवा नंतर, ‘बाई’ जोडून किंवा सुटं, नुसती आद्याक्षरं. आद्याक्षरांच्या नोंदीसमोर ‘मिस’ नसेल तर ती बाई पुरुषांत मोजली गेली असेल, हेही धरून चाला.

शिकवणाऱ्या बायका पगारपत्रकात नसतात

विद्यार्थिनींना निदान परीक्षेने कागदावर आणलं. अध्यापिकांचं तसं नाही. मिशनरीची बायको वर्षानुवर्षं वर्ग घेत असली तरी नेमणूक नवऱ्याची. अमेरिकन बोर्ड आपल्या याद्यांत बायकांना ‘सहायक मिशनरी’ म्हणत असे. नन्सचा पगार व्यक्तीला न जाता संघाला जातो, म्हणून ताळेबंदात एकच आकडा दिसतो. स्थानिक शिक्षिकांना अहवालात बरेचदा नावच नसतं. ‘एक हिंदी (म्हणजे भारतीय) ख्रिस्ती शिक्षिका’ एवढ्यावर भागवलेलं असतं. म्हणून अध्यापिका शोधताना पगारपत्रकाच्या आधी वेळापत्रकं, परीक्षकांच्या याद्या, वसतिगृहाच्या नोंदी आणि निरीक्षकांचे शेरे पाहा. वसतिगृहाच्या ‘मेट्रन’ म्हणून नोंदलेली बाई संध्याकाळी संस्कृत शिकवत होती, असं निरीक्षकाच्या शेऱ्यातूनच कळतं.

पद आणि प्रत्यक्ष अध्यापन हेही वेगळं ठेवा. पोपच्या राज्यातल्या बोलोन्या विद्यापीठात मारिया आन्येसी यांची १७५० मध्ये गणितासाठी नेमणूक झाली, पण त्या तिथे शिकवायला कधी गेल्याच नाहीत. त्याच विद्यापीठात १७३२ मध्ये पदवी मिळवलेल्या लॉरा बास्सी यांना पद होतं, सार्वजनिक व्याख्यानांवर मर्यादा होत्या, आणि खरं अध्यापन त्यांनी घरी वर्ग घेऊन केलं. फक्त नेमणुकीचा कागद पाहिला तर दोघी सारख्याच दिसतात.

छापून आलेले दावे तपासताना

एकाच दाव्याला पाच पुस्तकांचा आधार असेल तर पाचही पुस्तकं उघडा आणि प्रत्येकाने कुठून घेतलं ते पाहत मागे जा. बहुतेकदा पाचही एकाच जुन्या स्मरणिकेपाशी येऊन थांबतात, म्हणजे आधार एकच. मोरोक्कोतल्या फेज शहरातल्या अल-करवीन या मशीद-विद्यापीठाचं उदाहरण टोकाचं आहे. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी यांनी त्याची स्थापना केली असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण त्या कथेचा मुख्य आधार चौदाव्या शतकातल्या इब्न अबी झर यांचा इतिहास आहे. मधे साडेचारशेहून जास्त वर्षं. इतिहासकारांना शंका आहे ती यामुळे.

विशेषणंही मोजून वाचा. अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला गेल्या, १८६२ मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याकडे. अमेरिकेहून परदेशी गेलेल्या ‘पहिल्या अविवाहित स्त्री मिशनरी’ असं त्यांच्याबद्दल लिहिलं जातं. पण त्याच अमेरिकन बोर्डाकडून १८२२ मध्ये हवाईला निघालेल्या बेट्सी स्टॉकटन अविवाहित होत्या आणि त्यांनी तिथे शाळाही चालवली. त्या कृष्णवर्णीय होत्या, गुलामीतून मुक्त झालेल्या होत्या, आणि एका मिशनरी कुटुंबाच्या घरकामातल्या मदतनीस म्हणूनही गेल्या होत्या. म्हणून मोजणाऱ्यांनी त्यांना मिशनरी धरलं नाही. यादी करणाऱ्याने कुणाला मोजलं नाही, हे शोधलं की असे दावे आपोआप सैल होतात.

नोंद लिहिताना

‘पहिली’ हा शब्द वापरायचाच तर कशात, कोणत्या विद्यापीठात, कोणत्या परीक्षेत आणि कोणत्या कागदानुसार, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. खात्री कमी असेल तर ‘पाहिलेल्या कॅलेंडरांत (१८८० ते १९०५) सापडलेली सर्वांत जुनी नोंद’ असं लिहा. कंसातले पट्टे खरे ठेवा, न पाहिलेला खंड त्यात धरू नका. नमुना असा:

‘चंद्रमुखी बसू. १८७६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस बसल्या, यादीत नाव नाही. एफ.ए. फ्री चर्च संस्थेतून. बी.ए. बेथून, पदवीदान १८८३. एम.ए. १८८४. पुढे बेथूनच्याच प्राचार्य.’

छायाचित्राखाली नाव टाकण्याआधी त्याच्या मागची नोंद कोणाच्या हातची आणि कधीची आहे ते पाहा. समारंभानंतर चाळीस वर्षांनी कुणीतरी बॉलपेनने लिहिलेली नावं बिनचूक असतीलच असं नाही. बसण्याच्या रांगेत जितकी माणसं तितकी नावं आहेत का, एवढं मोजलं तरी निम्म्या चुका सापडतात. ज्या ओळींना व्यक्ती क्रमांक देता आला नाही त्या गाळू नका. ‘न जुळलेल्या नोंदी’ म्हणून शेवटी वेगळ्या छापा, मूळ स्पेलिंगसह आणि खंड-पानासकट, आणि फोटोंची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवा.